रेनॉ–निसान आघाडी (१९९९–२०२३) : समतेचे सूत्र आणि मताधिकाराची विषमता

प्रस्तावना

विसाव्या शतकाच्या अखेरीस जागतिक मोटार उद्योगात एकत्रीकरणाची मोठी लाट आली. १९९८ मध्ये जर्मनीची डेमलर-बेंझ आणि अमेरिकेची क्रायस्लर या दोन बलाढ्य कंपन्यांचे विलीनीकरण झाले. नव्या शतकात जगात मोजकेच मोठे मोटार उत्पादक टिकून राहतील, असे भाकीत त्या काळी सर्रास वर्तविले जात होते. अशा वातावरणात २७ मार्च १९९९ रोजी फ्रान्सच्या रेनॉ आणि जपानच्या निसान या कंपन्यांनी टोकियो येथे परस्पर सहकार्याच्या करारावर स्वाक्षऱ्या केल्या. हे विलीनीकरण नव्हते. दोन्ही कंपन्यांची नावे, मुख्यालये, संचालक मंडळे आणि वाहनांच्या मुद्रा स्वतंत्र राहणार होत्या. या संबंधासाठी दोन्ही पक्षांनी ‘आघाडी’ हा शब्द जाणीवपूर्वक निवडला होता.

डेमलर-क्रायस्लरचे विलीनीकरण २००७ मध्ये संपुष्टात आले. ज्या रेनॉ–निसान संबंधाविषयी १९९९ मध्ये बहुतेक जाणकारांनी शंका व्यक्त केली होती, तो मात्र टिकून राहिला. तथापि टिकाव हा यशाचा एकमेव निकष मानता येत नाही. या आघाडीने एका दिवाळखोरीच्या उंबरठ्यावरील कंपनीला सावरले, हे जितके खरे, तितकेच तिच्यातील अविश्वास दोन दशके धुमसत राहिला, हेही खरे आहे. संकटनिवारणासाठी केलेली तात्कालिक भांडवली व्यवस्था पुढे आघाडीची जणू कायमची राज्यघटना बनली आणि दोन्ही पक्षांचे आर्थिक बळ पालटल्यावरही ती बदलली नाही, हे या संघर्षाचे मूळ होय, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे.

उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

प्रस्तुत अभ्यासाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत : (१) आघाडीपूर्वीच्या दोन्ही कंपन्यांच्या ऐतिहासिक जडणघडणीचा आढावा घेणे; (२) १९९९ ते २००२ या काळात निर्माण झालेल्या भांडवली व प्रशासकीय रचनेचे स्वरूप तपासणे; (३) या रचनेतील विषमतेचे पुढील काळात झालेले परिणाम समजून घेणे. अभ्यासासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून तो दुय्यम साधनांवर आधारित आहे.

१. आघाडीपूर्वीच्या दोन कंपन्या

रेनॉची स्थापना १८९९ मध्ये लुई रेनॉ आणि त्यांच्या दोन बंधूंनी पॅरिसनजीक बियाँकूर येथे केली. दुसऱ्या महायुद्धात जर्मन सत्तेशी सहकार्य केल्याचा आरोप लुई रेनॉ यांच्यावर आला. खटला उभा राहण्यापूर्वीच ऑक्टोबर १९४४ मध्ये त्यांचे निधन झाले आणि जानेवारी १९४५ मध्ये फ्रेंच शासनाने कंपनीचे राष्ट्रीयीकरण केले. त्यानंतर सुमारे अर्धशतकभर रेनॉ हा केवळ मोटारींचा कारखाना नव्हता. तो फ्रान्सच्या औद्योगिक व कामगारविषयक धोरणाची प्रयोगशाळा होता. १९९० मध्ये तिला भागभांडवली कंपनीचे रूप देण्यात आले आणि १९९६ मध्ये शासनाचा हिस्सा निम्म्याहून खाली आला. तरीही १९९९ मध्ये शासन सुमारे ४४ टक्के भागांसह सर्वांत मोठा भागधारक होते.

शासनाच्या या छायेचा परिणाम रेनॉच्या पहिल्या मोठ्या आंतरराष्ट्रीय प्रयत्नावर झाला होता. स्वीडनच्या व्होल्वोशी १९९० मध्ये परस्पर समभागधारणेचा संबंध जुळला आणि सप्टेंबर १९९३ मध्ये विलीनीकरणाची घोषणा झाली. परंतु खाजगीकरणानंतरही फ्रेंच शासन विशेषाधिकाराच्या भागाद्वारे निर्णयांवर पकड ठेवील, अशी भीती स्वीडिश भागधारकांना वाटली. डिसेंबर १९९३ मध्ये हा बेत मोडला. रेनॉचे अध्यक्ष लुई श्वाइत्झर यांनी या अपयशातून एक धडा घेतला : दुसऱ्या देशातील कंपनीच्या अस्मितेला धक्का न लावता सहकार्य साधावयाचे असेल, तर विलीनीकरण हा शब्द टाळावा.

दरम्यान रेनॉची बाजारपेठ मुख्यतः पश्चिम युरोपपुरती सीमित होती. अमेरिकेतून ती १९८७ मध्येच बाहेर पडली होती. फेब्रुवारी १९९७ मध्ये बेल्जियममधील व्हिलव्हुर्ड येथील कारखाना बंद करण्याची घोषणा होताच तेथील सुमारे ३,१०० कामगारांच्या प्रश्नावरून युरोपभर निदर्शने झाली. खर्चकपातीच्या या धोरणामागे १९९६ मध्ये मिशेलिनमधून रेनॉत आलेले कार्लोस घोन हे प्रमुख अधिकारी होते.

निसानचा इतिहास वेगळ्या वळणाने गेला. १९३३ मध्ये योशिसुके आयकावा यांनी योकोहामा येथे या कंपनीचा पाया घातला. १९५३ मधील प्रदीर्घ संपात लढाऊ कामगार संघटना मोडली गेली व तिच्या जागी व्यवस्थापनाशी सहकार्य करणारी संघटना उभी राहिली. १९६६ मध्ये प्रिन्स मोटर ही कंपनी निसानमध्ये सामील झाली. अमेरिकेतील स्मर्ना येथे १९८३ पासून आणि इंग्लंडमधील संडरलँड येथे १९८६ पासून निसानचे उत्पादन सुरू झाले. तिचे अभियांत्रिकी कौशल्य जगन्मान्य होते. परंतु मायदेशात तिचा पाया खचत होता. १९७४ च्या सुमारास जपानी बाजारपेठेतील तिचा वाटा सुमारे ३४ टक्के होता, तो १९९९ मध्ये १९ टक्क्यांच्याही खाली आला. पुरवठादार कंपन्यांशी परस्पर भागधारणेने बांधलेल्या ‘केइरेत्सु’ पद्धतीत निसानचे भांडवल शेकडो कंपन्यांत अडकून पडले होते. अशा वेळी तिच्या मदतीस परंपरेने धावून येत त्या बँकाच १९९७ च्या वित्तीय संकटात सापडल्या. वाहन व्यवसायावरील कर्ज २,००० अब्ज येनच्या पुढे गेले.

२. मार्च १९९९ चा करार

श्वाइत्झर आणि निसानचे अध्यक्ष योशिकाझु हानावा यांच्यात १९९८ च्या उन्हाळ्यात बोलणी सुरू झाली. निसानची पहिली पसंती रेनॉ नव्हती. अधिक धनवान डेमलर-क्रायस्लरशीही तिची चर्चा चालू होती. मात्र मार्च १९९९ मध्ये त्या कंपनीने माघार घेतली आणि हानावा यांच्यासमोर पर्याय उरला नाही. येथे रेनॉला निसानची असहायता दिसत असूनही श्वाइत्झर यांनी अटी अधिक कठोर केल्या नाहीत, ही बाब उल्लेखनीय होय. पुढील काळात परस्पर विश्वासाची जी काही पुंजी जमा झाली, तिचा आरंभ या संयमात शोधावा लागतो.

करारानुसार रेनॉने निसानचे ३६.८ टक्के भाग घेतले. निसान डिझेलमधील हिस्सा व युरोपातील वित्तीय उपकंपन्या यांसह एकूण गुंतवणूक ६४३ अब्ज येन, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे ५.४ अब्ज डॉलर होती. जपानी कायद्यानुसार एक तृतीयांशाहून अधिक भाग धारण करणाऱ्यास महत्त्वाचे ठराव रोखता येतात. त्यामुळे बहुमत न घेताही रेनॉला निर्णायक स्थान लाभले. यांखेरीज मुख्य कार्यकारी पदांवर आपली माणसे नेमण्याचा अधिकारही तिला मिळाला. जून १९९९ मध्ये घोन निसानचे मुख्य परिचालन अधिकारी झाले. २००० मध्ये ते तिचे अध्यक्ष आणि २००१ मध्ये मुख्य कार्यकारी अधिकारी बनले.

दोन्ही कंपन्या एकमेकींस पूरक होत्या, हे कराराचे आर्थिक समर्थन होते. निसानला उत्तर अमेरिका व आशियात स्थान होते, रेनॉला युरोप व दक्षिण अमेरिकेत. निसानकडे अभियांत्रिकी व उत्पादनतंत्र होते, रेनॉकडे रचनाकौशल्य, खरेदी व्यवस्था आणि खर्चनियंत्रणाचा अनुभव. मेक्सिकोतील निसानच्या कारखान्यांत रेनॉच्या आणि ब्राझीलमधील रेनॉच्या कारखान्यात निसानच्या गाड्या तयार होऊ लागल्या, हे या पूरकतेचे पहिले दृश्य फलित होय.

३. पुनरुज्जीवन योजना आणि तिची किंमत

१८ ऑक्टोबर १९९९ रोजी निसानची पुनरुज्जीवन योजना जाहीर झाली. पाच कारखाने बंद करणे, २१,००० पदे कमी करणे, खरेदीखर्चात २० टक्के कपात करणे आणि पुरवठादारांची संख्या १,१४५ वरून सुमारे ६०० वर आणणे, ही तिची प्रमुख कलमे होती. पहिल्याच वर्षी नफा झाला नाही तर पद सोडण्याचे घोन यांनी जाहीर केले. १९९९–२००० या वर्षी निसानला ६८४.४ अब्ज येन इतका तोटा झाला होता. पुढच्याच वर्षी ३३१.१ अब्ज येन नफा नोंदविला गेला. योजनेची उद्दिष्टे नियोजित मुदतीच्या एक वर्ष आधी, मार्च २००२ मध्येच पूर्ण झाली.

या यशाचे श्रेय एका व्यक्तीला देण्याची प्रथा पडली आहे. वस्तुतः योजनेची मांडणी निसानच्याच मधल्या फळीतील अधिकाऱ्यांच्या नऊ आंतरविभागीय गटांनी केली होती. रोगाचे निदान कंपनीतील लोकांना आधीपासून ठाऊक होते. जुन्या नातेसंबंधांच्या दडपणामुळे उपचार करण्याचे धैर्य मात्र कोणात नव्हते. बाहेरून आलेल्या व्यक्तीवर त्या नात्यांचे ओझे नव्हते, हीच घोन यांची खरी ताकद होती.

या उपचाराची किंमत ज्यांनी मोजली, त्यांचा उल्लेख व्यवस्थापनशास्त्राच्या ग्रंथांतून अभावानेच आढळतो. टोकियोच्या परिसरातील मुरायामा कारखाना २००१ मध्ये बंद झाला. प्रिन्स मोटरच्या काळापासूनच्या या कारखान्यातील कामगारांपुढे कुटुंबासह दूरच्या कारखान्यात बदली स्वीकारणे किंवा नोकरी सोडणे एवढाच मार्ग होता. पोलाद खरेदी मोजक्या पुरवठादारांकडे केंद्रित करण्याचा निर्णय जपानी पोलाद उद्योगात ‘घोन धक्का’ म्हणून ओळखला गेला. २००२ मध्ये एनकेके आणि कावासाकी स्टील यांच्या एकत्रीकरणातून जेएफई हा समूह निर्माण झाला, त्यामागील कारणांत या धक्क्याचा समावेश केला जातो. आजीवन नोकरी आणि परस्पर भागधारणा या युद्धोत्तर जपानी उद्योगव्यवस्थेच्या दोन आधारांना यामुळे तडा गेला. निसानमधील जपानी अधिकारी व कामगार यांच्या मनात कृतज्ञता आणि मानहानी या दोन्ही भावना एकाच वेळी रुजल्या.

४. २००२ ची रचना : मूळ दोष

निसान सावरल्यानंतर आघाडीचे स्वरूप निश्चित करण्यात आले. २००२ मध्ये रेनॉने निसानमधील हिस्सा ४४.४ टक्क्यांपर्यंत वाढविला, तर निसानने रेनॉचे १५ टक्के भाग घेतले. वरवर पाहता ही परस्परता होती. परंतु रेनॉचे निसानवर प्रत्यक्ष नियंत्रण आहे असे मानले गेल्यामुळे, फ्रेंच कायद्यानुसार निसानच्या या १५ टक्के भागांना मताधिकार नव्हता. नेमका तेवढाच, म्हणजे सुमारे १५ टक्के हिस्सा पुढे फ्रेंच शासनाकडे उरला आणि त्याला मात्र पूर्ण मताधिकार होता. समान भांडवल असूनही एकास मत आणि दुसऱ्यास मौन, अशी ही स्थिती होती.

संयुक्त धोरण ठरविण्यासाठी नेदरलँड्सच्या कायद्याखाली रेनॉ–निसान बीव्ही ही कंपनी स्थापन झाली. तिच्यात दोघींचा वाटा समसमान होता. संयुक्त खरेदी संघटना २००१ पासूनच कार्यरत होती. अशा रीतीने दैनंदिन सहकार्याच्या पातळीवर समता आणि मालकीच्या पातळीवर विषमता, असे दोन मजले एकाच इमारतीत उभे राहिले. एप्रिल २००५ मध्ये घोन रेनॉचेही मुख्य कार्यकारी अधिकारी झाले. दोन्ही कंपन्यांचे प्रमुखपद एकाच व्यक्तीकडे आल्याने या दोन मजल्यांतील विसंगती झाकली गेली. तंटा निवारणारी संस्था उभी करण्याची निकड भासली नाही, कारण तंटे एका व्यक्तीच्या टेबलावर मिटत होते.

५. भारतातील अध्याय

आघाडीच्या सामर्थ्याचे आणि मर्यादांचे दर्शन भारतातही घडले. रेनॉने प्रथम महिंद्र अँड महिंद्रशी ५१:४९ प्रमाणात संयुक्त कंपनी स्थापन केली. तिची लोगन ही मोटार नाशिक येथे तयार होऊन २००७ मध्ये बाजारात आली. रुमानियातील दाचिया कंपनीसाठी विकसित केलेली ही स्वस्त गाडी भारतात अपेक्षेइतकी खपली नाही आणि २०१० मध्ये महिंद्रने रेनॉचा हिस्सा विकत घेतला. पुण्याच्या बजाज ऑटोबरोबर अतिस्वल्प किमतीची मोटार काढण्याचा २००८ मधील बेतही संयुक्त उत्पादनापर्यंत पोहोचला नाही.

याउलट चेन्नईनजीक ओरगडम येथे मार्च २०१० मध्ये सुरू झालेला रेनॉ–निसानचा कारखाना आघाडीच्या कल्पनेचे मूर्त रूप होता. एकाच छताखाली दोन्ही मुद्रांच्या गाड्या तयार होत. २०१५ मध्ये आलेली रेनॉची क्विड ही सामायिक आराखड्यावर बेतलेली गाडी येथीलच. निसानची मायक्रा येथून युरोपात निर्यात होई. परंतु मायक्राच्या पुढील पिढीचे युरोपसाठीचे उत्पादन फ्रान्समधील फ्लँस येथील रेनॉच्या कारखान्यात न्यावयाचे, असे २०१३ मध्ये जाहीर झाले. फ्रान्समधील कारखान्यांना काम हवे होते. हा निर्णय व्यावसायिक की राजकीय, हा प्रश्न निसानमध्ये तेव्हापासून विचारला जाऊ लागला. आघाडीतील सत्तेचा तोल कोणाकडे आहे, याचे उत्तर चेन्नईच्या उत्पादनपत्रिकेवर उमटले होते.

६. शासनाचा हस्तक्षेप आणि २०१५ चा समझोता

फ्रान्समध्ये २०१४ मध्ये संमत झालेल्या ‘फ्लोरांज’ कायद्याने दोन वर्षांहून अधिक काळ भाग धारण करणाऱ्यांना दुप्पट मते दिली. भागधारकांनी दोन तृतीयांश बहुमताने विरोधी ठराव केल्यास कंपनीला यातून सूट मिळू शकत होती. रेनॉमध्ये असा ठराव येताच तो फेटाळला जावा यासाठी शासनाने एप्रिल २०१५ मध्ये आपला हिस्सा १५ टक्क्यांवरून तात्पुरता १९.७ टक्क्यांपर्यंत वाढविला. त्या वेळी इमॅन्युएल माक्रों अर्थमंत्री होते. ठराव बारगळला आणि शासनाचे बळ वाढले. व्होल्वोच्या भागधारकांनी १९९३ मध्ये व्यक्त केलेली भीती आता योकोहामात प्रत्यक्ष अनुभवास आली.

निसानच्या हाती एक प्रभावी अस्त्र होते. जपानी कायद्यानुसार एखाद्या कंपनीने आपल्या भागधारक कंपनीतील एक चतुर्थांश मते मिळविली, तर त्या भागधारकाचा मताधिकार स्थगित होतो. निसानने रेनॉमधील हिस्सा २५ टक्क्यांपर्यंत नेला असता तर रेनॉच्या सुमारे ४३ टक्क्यांची धार बोथट झाली असती. डिसेंबर २०१५ मध्ये समझोता झाला. बहुतांश ठरावांवर शासनाच्या मतांना १७.९ टक्क्यांची मर्यादा घालण्यात आली. रेनॉने निसानच्या कारभारात ढवळाढवळ न करण्याचे मान्य केले आणि तसे घडल्यास निसानला रेनॉचे भाग वाढविण्याची मोकळीक मिळाली. हा समझोता म्हणजे शस्त्रसंधी होता. सुमारे ४३ विरुद्ध १५ हे प्रमाण तसेच राहिले.

आर्थिक वास्तव मात्र उलटे झाले होते. २०१६ मध्ये निसानने मित्सुबिशी मोटर्सचे ३४ टक्के भाग घेतले. २०१७ मध्ये तिन्ही कंपन्यांनी मिळून सुमारे १ कोटी ६ लाख वाहने विकली. त्यांत निसानचा वाटा सुमारे ५८ लाख, तर रेनॉचा सुमारे ३८ लाख होता. रेनॉच्या नफ्यात निसानकडून येणारा हिस्सा मोठा होता. वाचविलेली कंपनी वाचविणाऱ्या कंपनीपेक्षा मोठी झाली होती. पण कागदोपत्री ती अद्याप १९९९ मध्येच उभी होती.

७. २०१८ नंतरचे विघटन व पुनर्रचना

२०१८ मध्ये घोन यांची रेनॉच्या प्रमुखपदी फेरनियुक्ती झाली, तेव्हा आघाडी ‘अपरिवर्तनीय’ करण्याची अपेक्षा फ्रेंच शासनाने बाळगली. निसानमध्ये याचा अर्थ विलीनीकरण असा लावला गेला. १९ नोव्हेंबर २०१८ रोजी घोन यांना टोकियो येथे अटक झाली. मानधनाची रक्कम कमी दाखविल्याचा व विश्वासभंगाचा आरोप त्यांच्यावर ठेवण्यात आला. त्यांनी सर्व आरोप फेटाळले आणि विलीनीकरण रोखण्यासाठी हा कट रचल्याचा दावा केला. खटला सुरू होण्यापूर्वीच डिसेंबर २०१९ च्या अखेरीस ते लेबनॉनला निघून गेले. आरोपांचा न्यायालयीन निकाल लागला नाही. त्यामुळे त्यांच्या सत्यासत्यतेपेक्षा इतिहासाच्या अभ्यासकास दुसरी बाब महत्त्वाची वाटते : एका व्यक्तीच्या अटकेने दोन कंपन्यांमधील निर्णयप्रक्रियाच ठप्प झाली. संस्थेची जागा व्यक्तीने घेतल्याचा हा परिणाम होता.

मे २०१९ मध्ये फियाट-क्रायस्लरने रेनॉपुढे विलीनीकरणाचा प्रस्ताव ठेवला. निसानची साशंकता आणि फ्रेंच शासनाच्या अटी यांत तो काही दिवसांतच मागे घेतला गेला. २०२० मध्ये रेनॉला सुमारे ८ अब्ज युरोचा विक्रमी तोटा झाला व त्यातील मोठा भाग निसानच्या तोट्यातून आला होता. अखेर ६ फेब्रुवारी २०२३ रोजी नवा करार जाहीर झाला आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये तो अमलात आला. रेनॉने निसानमधील २८.४ टक्के भाग एका फ्रेंच विश्वस्त संस्थेकडे सोपविले. दोन्ही कंपन्यांचा परस्परांतील हिस्सा १५ टक्के झाला आणि उभयतांना मताधिकार मिळाला.

निष्कर्ष

प्रस्तुत विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात. पहिला, विलीनीकरण टाळण्याचा १९९९ चा निर्णय योग्य होता. अस्मितेला धक्का न लागल्यामुळेच निसानमधील लोकांनी कठोर उपाय स्वीकारले. दुसरा, संकटकाळी केलेली भांडवली विभागणी संकट टळल्यावर पुन्हा तपासण्याची तरतूद करारात असावयास हवी होती. तिच्या अभावी एका पक्षाची कृतज्ञता हळूहळू असंतोषात रूपांतरित झाली. तिसरा, शासन हा भागधारक असलेली कंपनी परदेशी भागीदाराच्या दृष्टीने कधीच केवळ कंपनी नसते. व्होल्वो आणि निसान या दोन्ही प्रकरणांत हे दिसून येते. चौथा, समान मुद्रा, यंत्रे व खरेदी यांचे सहकार्य व्यक्तिनिष्ठ नेतृत्वावर चालू शकते, परंतु सत्तेची विभागणी संस्थेशिवाय टिकत नाही.

समता अखेर २०२३ मध्ये आली, तेव्हा तिच्या आधारे उभारावयाचे फारसे काही उरले नव्हते. डिसेंबर २०२४ मध्ये निसानने होंडाशी एकत्रीकरणाची बोलणी जाहीर केली व फेब्रुवारी २०२५ मध्ये ती थांबली. मार्च २०२५ मध्ये चेन्नईच्या कारखान्यातील निसानचा ५१ टक्के हिस्सा रेनॉने घेण्याचे ठरले. २०२४–२५ या वर्षी निसानला ६७०.९ अब्ज येन तोटा झाला आणि मे २०२५ मध्ये २०,००० पदे कमी करण्याची योजना जाहीर झाली. पाव शतकापूर्वीचे आकडे जवळजवळ जसेच्या तसे परतले. मुरायामाच्या कामगारांनी ज्या पुनरुज्जीवनाची किंमत मोजली, ते कंपनीच्या ताळेबंदात पूर्ण झाले. आघाडीच्या घटनेत मात्र ते कधी पोहोचलेच नाही.